अर्धा ठिपका

माझ्या हॅकसॉचं पातं मी उलटं लावलं होतं. पात्याचे दात पुढे असायला हवेत, ते माझ्याकडे तोंड करून होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं... विचारणं हा माझा स्वभावच नव्हता. त्यामुळे वर्कशॉपच्या पहिल्याच दिवशी मी जीव तोडून करवत चालवत होते आणि व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलेली ती पट्टी ढिम्म होती. तिच्यावर नुसता एक चमकदार ओरखडा उठला होता. माझ्या चष्म्याच्या काचा मात्र घामाने धुरकटल्या होत्या.

शेजारच्या व्हाइसपाशी एक मुलगा उभा होता. उंच, सडपातळ आणि कमालीचा ताठ. आपलं काम थांबवून तो माझ्याकडे बघत होता. मी दुर्लक्ष केलं. तो बघतच राहिला. शेवटी एक शब्दही न बोलता त्याने माझ्या हातातून हॅकसॉ घेतला, नट सैल केला, पातं फिरवून पुन्हा आवळलं आणि हॅकसॉ माझ्या हातात ठेवला.

“कधीपासून बघतोयस?” मी विचारलं.

“सुरुवातीपासून.”

“मग सांगता येत नव्हतं?”

“इतक्या आत्मविश्वासाने चालवत होतीस,” तो म्हणाला, “म्हटलं, तुझी काही वेगळी पद्धत असेल.”

ओठ हसले नाहीत, डोळे तेवढे हसले. मला असा राग आला की त्या रागाच्या भरात मी पट्टी सपासप कापून काढली. कापून झाल्यावर लक्षात आलं, राग केव्हाच गेलाय आणि मी त्याच्याकडे चोरून बघतेय.

आमच्या वर्गात माणसांना नावं पडायला वेळ लागत नसे. तो कधी वाकून उभा राहायचा नाही, आणि त्याने केलेल्या कामाचा कोन कधी चुकायचा नाही, म्हणून तो ‘काटकोन’. मी ज्याच्याशी बोलेन त्याचं थोडं सालपट निघतं, म्हणून मी ‘कानस’. हे नाव माझ्या पाठीमागे घेतलं जायचं, अशी मुलांची समजूत होती. मला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. आणि आम्हाला शिकवणारे सर गळ्यात दोरीने भिंग अडकवून फिरायचे, म्हणून ते भिंगसर. त्यांना त्यांचं नाव माहीत होतं की नाही, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मेकॅनिकलला आम्ही मुली मोजक्याच होतो, आणि मी तर घरून भांडून आले होते. बाबांचं चष्म्याचं दुकान. कारखान्यातली माणसं एका डोळ्यावर पट्टी बांधून त्यांच्याकडे यायची... लोखंडाचा कण उडाला, ठिणगी उडाली. आयुष्यभर हे बघितलेल्या माणसाला आपली मुलगी लोखंड कापणार म्हटल्यावर काय वाटेल? दुकानातल्या काचा घासायच्या मशीनचं झाकण मी लहानपणापासून उघडत आले होते. काचेकडे माझं लक्षच नसे, मला आतला पट्टा कसा फिरतो ते बघायचं असायचं. हे बाबांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी नाही म्हटलं नाही. अट घातली. पहिल्या वर्षी एक जरी विषय राहिला, तरी मुकाट्याने शाखा बदलायची आणि कॉम्प्युटरला जायचं, स्वच्छ खोलीत. आईने दोघांच्या मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण मी तोऱ्यात म्हणून गेले, चालेल.

बोलून बसले खरी. गणित, भौतिकशास्त्र या कशाची मला भीती नव्हती. भीती होती ती वर्कशॉपची.

काटकोनला हे सगळं मी कधी सांगितलं, ते आठवत नाही. बहुधा वर्कशॉपच्या पायऱ्यांवर, हात धुऊन झाल्यावर. त्याचं उलटं होतं. हाताला लोखंड कळायचं, पण वहीतलं गणित दिसलं की त्याचा ताठ कणा जरा खचायचा. मग मी त्याला गणितं शिकवायला लागले आणि तो मला कानस धरायला. पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना उचलायचं. नुसतं घासत सुटायचं नाही. कानशीच्या दातांत लोखंडाचा कीस अडकू नये म्हणून तिला आधी खडू फासायचा. खडू त्याच्या खिशात कायम असायचा. तो मोडून अर्धा मला द्यायचा, न मागता. माझ्या एप्रनच्या खिशात त्या अर्ध्या खडूंचे तुकडे साठले होते. ते मी वापरत नव्हते... वापरून संपवायला जीव होत नव्हता.

एकदा वर्कशॉपच्या पत्र्यावर पाऊस कोसळत होता. इतका आवाज, की शेजारच्याचंही ऐकू येईना. काटकोन काम थांबवून माझ्याकडे वळला आणि काहीतरी बोलला. ओठ हललेले दिसले. मी खुणेने विचारलं, काय? तो पुन्हा बोलला. मी माझ्याजवळची चपटी कानस उचलून त्याच्या हातात दिली. त्याने कानशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि घासायला लागला.

वर्षाच्या शेवटी जोडीचं काम असायचं. दोघांनी मिळून एक जोड करायचा. एकाने पोलादी तुकड्यात व्हीच्या आकाराची खाच करायची, दुसऱ्याने तिच्यात नेमकं बसेल असं टोक. कागदावर त्यांना मादी आणि नर म्हणतात, आणि चिठ्ठ्यांमध्ये नर माझ्या वाट्याला आला, मादी काटकोनच्या. वर्ग व्हायचा तेवढा खूश झाला. मी म्हटलं, ज्यांना हसून झालं असेल त्यांनी आपापलं काम सुरू करावं, कारण मागच्या वेळी तुमच्यातल्या निम्म्यांना चौकोनसुद्धा जमला नव्हता. त्यानंतर हसणं थांबलं. आम्ही दोघं आपले चोच आणि खाच म्हणायचो.

परीक्षा साधी होती. दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून भिंगसर खिडकीसमोर धरायचे. फटीतून उजेड दिसला, की नापास. दोघंही.

भिंगसरांनी वर्षभर आमच्या कानीकपाळी ओरडून एकच गोष्ट सांगितली होती. पोलादावर निळा रंग लावायचा, त्यावर रेषा आखायची आणि रेषेवर टोकदार पंचने बारीक ठिपके ठोकायचे. मग घासत यायचं. अर्धा ठिपका उरला, की थांबायचं. पूर्ण ठिपका दिसतोय म्हणजे काम बाकी आहे, ठिपकाच दिसत नाही म्हणजे काम हातचं गेलं. घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, असं म्हणून ते भिंगातून आमच्याकडे बघायचे. एक डोळा केवढा तरी मोठा दिसायचा.

त्या दिवशी मी जन्मात केलं नसेल इतकं नीट काम केलं. चोचीच्या दोन्ही बाजूंना अर्धे ठिपके, एका ओळीत. कोन मोजला, बरोबर. काटकोनचंही झालं होतं. आम्ही तुकडे एकमेकांत सरकवले, आणि चोच खाचेत शेवटपर्यंत जाईना. एका बाजूला केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मी पुन्हा कोन मोजला. त्याने पुन्हा कोन मोजला. मग मी हात धुवायला गेले, कारण हात घामाने भिजले होते आणि खरं म्हणजे मला रडू येईल असं वाटत होतं.

परत आले तेव्हा काटकोन पाणी प्यायला जायला निघाला. माझ्याकडे न बघताच गेला. त्याचा चेहरा उतरला होता. आणि मला उमगलं. माझं माप बरोबर आहे, मी ते दोनदा बघितलंय. म्हणजे त्याचं चुकलंय. काटकोनचा कोन चुकलाय! वर्गातली अर्धी मुलं वर्षभर याच दिवसाची वाट बघत होती. आता भिंगसर त्याच्या खाचेवर भिंग धरणार, बाकीचे गोळा होणार आणि तो तसाच ताठ उभा राहून सगळं ऐकून घेणार. ते चित्र मला बघवेना. तेव्हाच मला कळलं की मी या मुलाच्या प्रेमात आहे. वेळ अगदी चुकीची होती, पण कळलं.

बाबांची अट मला आठवत होती. विसरले नव्हते. तरीही मी चोच व्हाइसमध्ये आवळली आणि ज्या बाजूला अडत होतं त्या बाजूने हलकेच कानस फिरवली. माझ्या तुकड्याचे दोन गुण जातील, पण जोड बसेल. त्याला कळणारही नाही. ठिपके दिसेनासे झाले.

काटकोन परतला तोवर भिंगसर आमच्यापाशी येऊन पोहोचले होते. त्यांनी चोच खाचेत सरकवली आणि जोड खिडकीसमोर धरला.

फट नव्हतीच ती. सरळ सरळ उजेड पलीकडून अलीकडे येत होता.

“सर, माझी चूक आहे,” मी म्हणाले.

“सर, चूक माझी आहे,” काटकोन त्याच वेळी म्हणाला.

भिंगसरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग दोन्ही तुकडे वेगळे करून भिंगाखाली धरले. चोचीवर एका बाजूचे ठिपके नव्हते. खाचेवरही, बरोबर त्याच बाजूचे ठिपके नव्हते. मग त्यांनी आखणीची सुई घेतली, खाचेच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात घातली आणि काहीतरी उकरून तळहातावर घेतलं. लोखंडाच्या किसाचा कण होता. साखरेच्या दाण्याहून लहान.

“हा आधीपासून इथे बसलेला,” ते म्हणाले. “तुमचं दोघांचंही बरोबर होतं. एकाने खाच पुसली असती, किंवा एकाने दुसऱ्याला नुसतं विचारलं असतं, तरी पास झाला असता.”

आम्ही नापास झालो. पुढच्या आठवड्यात, निकालाच्या आधी, एक संधी मिळणार होती. एकच.

बाहेर नळापाशी मी त्याला गाठलं. त्याच्या नाकावर निळा रंग लागला होता आणि तरी तो गंभीर दिसायचा प्रयत्न करत होता.

“तुला कुणी सांगितलं होतं घासायला?” मी विचारलं.

“तुला कुणी सांगितलं होतं?”

“मला वाटलं, तुझा कोन चुकलाय.”

“माझा?” तो खरोखर दुखावला गेला. “माझा कोन?”

“मग तुला काय वाटलं होतं? माझा चुकलाय, असंच ना?”

नळ चालूच होता. त्याने तो बंद केला. “तू हात धुवायला गेलीस तेव्हा तुझे डोळे भरले होते,” तो म्हणाला. “चुकलंय म्हणून सांगितलं असतं, तर घाईत तू आणखी घासत सुटली असतीस. आणि तुझं वर्ष... तुझे बाबा... मला वाटलं, माझ्या तुकड्यातून काढावं. माझे गुण गेले तर गेले.”

मला खूप काही बोलायचं होतं. मी खिशातला रुमाल काढून त्याच्या नाकावरचा निळा रंग पुसला. तो आणखीच पसरला. तेवढ्यात मुलं आली आणि मी पळाले.

घरी जेवताना मी सगळं सांगून टाकलं. म्हणजे मुलाचं सोडून सगळं. आई आधी हसली आणि मग बाबांकडे बघून हसायची थांबली. बाबा जेवत राहिले. अट ती अट, एवढंच म्हणाले. मी रात्रभर... नाही, खोटं कशाला सांगू, मी गाढ झोपले. दमले होते. पण दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्या बॅगेवर एक डबी ठेवलेली होती. आत जाड काचांचा, बाजूने बंद असलेला, वर्कशॉपचा चष्मा. घालून बघितला, तर माझा नंबर त्यात घासून बसवलेला. बाबा आरशासमोर केस विंचरत होते. कॉम्प्युटरला गेलीस तरी उपयोगी पडेल, असं ते आरशाला म्हणाले. कॉम्प्युटरसमोर बसायला असला चष्मा कोण घालतं, हे मी विचारलं नाही. रडू आवरत बाहेर पडले.

या वेळी भिंगसरांनी आम्हाला वर्कशॉपच्या दोन टोकांना उभं केलं, एकमेकांकडे पाठ करून. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. तिकडे त्याची कानस चाललेली मला ऐकू येत होती. आमच्यासारख्याच पुन्हा परीक्षा देणाऱ्या इतक्या जणांच्या आवाजात ती मला कशी ओळखू येत होती कोण जाणे, पण येत होती. लांब, सावकाश, न चुकणारी. मध्येच ती थांबायची आणि मला काळजी वाटायची, त्याचं काही बिनसलं का? त्याच्यासाठी थोडं जास्त काढावं असा मोहही एकदा झाला. मी ठिपक्यांकडे बघितलं आणि हात थांबवला. त्याच्यावर विश्वास ठेवणं हे त्याच्यासाठी काही करण्यापेक्षा अवघड होतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

एप्रनच्या खिशातले त्याचे खडू मात्र मी त्या दिवशी सगळे वापरले.

मग आम्ही मधल्या टेबलापाशी आलो. मी चोच पुढे केली. काटकोन म्हणाला, “थांब.” त्याने खाच उलटी करून टेबलावर हलकेच आपटली, कोपऱ्यात फुंकर मारली आणि माझ्याकडे बघत विचारलं, “तुझी पुसलीस?”

“पुसली.”

“नक्की?”

“नक्की.”

चोच खाचेत गेली. जोर लागला नाही, आवाजही झाला नाही. भिंगसरांनी जोड खिडकीसमोर धरला, वाकडा करून बघितला, पालथा करून बघितला. उजेडाचा कुठे मागमूस नव्हता. त्यांनी भिंग खाली सोडलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि जाता जाता तो जोड आमच्या हातात दिला. आधीचा सैल जोडही दिला. ठेवा, म्हणाले, बघत जा अधूनमधून.

पायऱ्यांवर ऊन होतं. काटकोन माझ्यापासून वीतभर अंतरावर बसला, ताठ. बराच वेळ सैल जोडाची चोच त्या खाचेत घालत होता, काढत होता.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला.

“विचार.”

“यापुढे मी अंदाजाने काही करणार नाही असं ठरवलंय, म्हणून सरळच विचारतो. मला तू आवडतेस. नुसती आवडत नाहीस... खूप जास्त. तुझ्या मनात काय आहे?” त्याचे कान लाल झाले होते. “हे मी आधीही एकदा म्हणालो होतो. पत्र्यावर पाऊस होता तेव्हा. दोनदा म्हणालो होतो.”

“तेव्हा?” मी त्याच्याकडे वळले. “अरे, मी तुला कानस दिली.”

“हो. मला वाटलं, नकार आहे. कामाला लाग म्हणतेयस.”

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. बाबांनी केलेला चष्मा आतून धुरकटला. काटकोनने तो हळूच माझ्या नाकावरून काढला, आपल्या शर्टाच्या बाहीने पुसला, दोन्ही काचा उन्हात धरून तपासल्या आणि पुन्हा माझ्या डोळ्यांवर नीट बसवला. त्याची बोटं माझ्या कानांपाशी क्षणभर थांबली. निळी, खरखरीत, माझ्यासारखीच.

“माझ्याही मनात तूच आहेस,” मी म्हणाले. “त्या हॅकसॉच्या दिवसापासून. विचारलं असतंस, तर तेव्हाच सांगितलं असतं.”

“तेव्हा तू मला खाल्लं असतंस.”

“ते तर आधी. मग सांगितलं असतं.”

खालून स्कूटरचा हॉर्न वाजला. बाबा! दुकान सोडून, दुपारच्या वेळी, फाटकाशी उभे. ते दुकान कधीच असं सोडत नाहीत. मी पायऱ्या उतरून धावले. काटकोन मागोमाग आला, दोन्ही जोड हातात घेऊन. बाबांनी काही विचारलं नाही, नुसता हात पुढे केला. काटकोनने नवा जोड त्यांच्या हातावर ठेवला.

बाबांनी तो डोळ्यासमोर उन्हात धरला, भिंगसरांसारखाच. काच तपासताना करतात तसा एक डोळा मिटला. बराच वेळ फिरवून फिरवून बघत राहिले.

“कॉम्प्युटरवाल्यांचं नुकसान झालं म्हणायचं,” ते शेवटी म्हणाले आणि जोड माझ्या हातात दिला. मग त्यांनी काटकोनकडे बघितलं. त्याच्या नाकावर पुन्हा निळा रंग होता, आणि त्याचे कान अजून लाल होते. बाबांना ते दिसलं. माणसांच्या तोंडाकडे जवळून बघण्यात त्यांची हयात गेली आहे.

“तू चष्मा न घालताच काम करतोस?” त्यांनी विचारलं. “लोखंडाचं?”

“मला नंबर नाहीये, काका,” काटकोन प्रामाणिकपणे म्हणाला.

मी त्याच्या पायावर पाय दिला.

“नसेना का,” बाबा स्कूटर सुरू करत म्हणाले. “रविवारी दुकानात ये. डोळे तपासू. नंबर नसला तरी तसला चष्मा करून देतो तुला. दोघांची मापं एकदमच घेतलेली बरी.”

मी मागे बसले. वळून बघितलं तर काटकोन फाटकाशी अजून तसाच उभा होता, सैल जोड छातीशी धरून. आयुष्यात पहिल्यांदाच जरासा वाकलेला, कारण तो हसत होता.